मॉडेल आणि मिनिएचरचं सामान, सोलापुरात बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शाळेच्या प्रदर्शनाचा आठवडा, या दोन वेळा माझा फोन फार वाजतो. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. शेवटी लिहून काढली. मी कलाशिक्षक नाही. दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री गच्चीवरच्या खोलीत रणगाडे, विमानं, मावळे यांची छोटी मॉडेल जोडत, रंगवत बसतो. त्यामुळे खाली जे आहे ते माझ्या टेबलावर चाललेलं आहे. दुसऱ्याच्या टेबलावर वेगळं चालत असेल, तर त्याचं त्यानं करावं.

पहिल्यांदाच करतोय. कमीत कमी काय लागेल?

प्लॅस्टिकचं किट जोडायचं असेल तर निपर (छोटी कातरपक्कड), ब्लेडची सुरी, पॉलिश पेपर आणि प्लॅस्टिकचा पातळ गोंद. रंगवायचं असेल तर दोन ब्रश, सहा रंग, प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर), पाण्याचे दोन ग्लास आणि एक जुना टॉवेल. टॉवेलची आपल्या गावात वानवा नाही. रंगांत पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा, तपकिरी एवढे पुरतात. अंगाचा रंग तपकिरीत पिवळा, पांढरा आणि किंचित लाल घालून होतो. त्यासाठी वेगळी बाटली घ्यायची गरज नाही.

पैसे कुठे सोडायचे? निपर, ब्रश आणि गोंद, या तीनच गोष्टींवर. बाकी सगळं स्वस्तातलं चालतं, आणि बरंचसं घरात असतंच.

सोलापुरात हे सामान मिळतं कुठे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. हॉबीचं म्हणून वेगळं दुकान शोधत उन्हात फिरू नका. आपलं निम्मं सामान मुळात दुसऱ्या कुणाच्या तरी धंद्याचं आहे. दुकानात गेल्यावर ‘मॉडेल बनवायचं सामान’ मागितलंत तर समोरचा नुसता बघत राहील. ज्याचं हत्यार आहे त्याच्या नावानं मागा, लगेच काउंटरवर येतं.

सुरी घ्यायची तर सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानात जा. तीन नंबरचं हँडल आणि अकरा नंबरची ब्लेडं मागा. अकरा नंबर म्हणजे सरळ, टोकदार पातं. मॉडेलवाले जगभर ज्या आकाराचं पातं वापरतात तोच हा आकार. ब्लेड सुटं मिळतं आणि कटिंग चहापेक्षा फार महाग नसतं. चार नंबरचं हँडल चुकून घेऊ नका, त्याला विसाच्या पुढची मोठी पाती बसतात. मी पहिल्यांदा मागायला गेलो तेव्हा दुकानदारानं वर न बघताच विचारलं, “कुठल्या डॉक्टरांकडनं आलात ओ?” रणगाड्याकडनं, असं सांगायचा धीर झाला नाही.

बारीक कानशी, चिमटे, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल आणि भिंग ही सोनाराची हत्यारं. सराफ बाजारात सोनारकामाचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. अर्ध्या मिलिमीटरपासूनची ड्रिलची पाती तिथे मिळतात. बंदुकीच्या नळीला भोक पाडायला, हातात भाल्याची तार बसवायला ती लागतात.

मोबाईल दुरुस्तीचं सामान जिथे मिळतं तिथे निपर, वाकड्या टोकाचा चिमटा आणि भिंग लावलेला दिवा असतो. वायर तोडायचा निपर घेताना पात्याची एक बाजू पूर्ण सपाट आहे ना, ते बघून घ्या.

ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात पुरुषमाणसं आत जायला लाजतात, पण ते आमच्या कामाचं भांडार आहे. नखांचा चार बाजूंचा बफर प्लॅस्टिकला काचेसारखी चकाकी आणतो. नेल आर्टचं गोल टोकाचं डॉटिंग टूल डोळ्यातला ठिपका द्यायला चालतं. गालाला लाली लावायचा मऊ ब्रश ड्रायब्रशिंगला उत्तम, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त उंचवट्यांवर रंग घासायला. बायकोला बरोबर घेऊन जा, भावही बरा लागतो.

हार्डवेअरमध्ये वॉटर पेपर आणि एम-सील. स्टेशनरीत कटिंग मॅट, अ‍ॅक्रिलिक रंग, मास्किंग टेप. मग बाहेरून मागवायचं काय राहिलं? प्लॅस्टिकचा खास गोंद, मिनिएचरचे रंग आणि बारीक मास्किंग टेप. एवढंच.

निपरच का? घरातली कात्री किंवा नेलकटर चालत नाही?

चालतं, आणि पहिल्या मॉडेलवर त्याच्या खुणा आयुष्यभर दिसतात.

किटचे भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला छोट्या देठांनी जोडलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. कात्री दोन्ही बाजूंनी दाबते, त्यामुळे देठ कापण्याऐवजी चिरडला जातो आणि भागावर पांढरा डाग पडतो, किंवा देठाबरोबर भागाचाच टवका निघतो. सपाट पात्याचा निपर ती सपाट बाजू भागाकडे ठेवून लावायचा. तोही एकदम चिकटून नाही. आधी दोनेक मिलिमीटर लांबून कापा, भाग हातात घ्या, मग उरलेला देठ दुसऱ्यांदा जवळून कापा, राहिलेला कण सुरीनं तासा. दोनदा कापायचा कंटाळा करणारा माणूस नंतर अर्धा तास पॉलिश पेपर घासत बसतो.

भाग हातानं पिळून तोडू नका. हे लिहायची गरज नसावी, पण आहे.

१/३५, १/७२ हे आकडे काय असतात?

स्केल. १/७२ म्हणजे खऱ्या वस्तूच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १/७२ मध्ये साधारण २४ मिलिमीटर होतो, १/३५ मध्ये ५० मिलिमीटर. विमानं बहुतेक १/७२ आणि १/४८ मध्ये, रणगाडे १/३५ मध्ये येतात. पटावरच्या खेळातली मिनिएचर, म्हणजे छोट्या आकृत्या, २८ ते ३२ मिलिमीटरची असतात आणि त्यांचं स्केल काटेकोर नसतं. डोकी आणि हात मुद्दाम मोठे ठेवतात, म्हणजे लांबून ओळखू येतात.

३५ हा विचित्र आकडा आला कुठून, असं एका मुलानं विचारलं होतं. जपानच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या हिशेबानं त्याचा आकार ठरला. नंतर मोजलं तर तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. मग तोच आकडा रूढ झाला. म्हणजे सेलच्या मापानं रणगाडा झाला.

आता आपल्या दिवाळीच्या किल्ल्याकडे या. बाजारातला मावळा तीन इंचांचा, आणि मुलांनी केलेला महादरवाजा दोन इंचांचा. महाराजांनी आत जायचं कसं? तीन इंचांचा मावळा म्हणजे साधारण १/२३ स्केल. हिशेबाला सोपं म्हणून १/२४ धरा, मग खरा एक फूट म्हणजे किल्ल्यावर अर्धा इंच. बारा फुटी दरवाजा सहा इंचांचा करावा लागेल. आधी मावळे विकत घ्या, मग तटबंदी रचा. उलट केलं की दरवर्षी हेच होतं.

गोंद कोणता वापरायचा? फेविक्विकनं सगळं चिकटतं ना?

चिकटतं, पण टिकत नाही. जोडायचं काय आहे त्यावर गोंद ठरतो.

किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा गोंद खरं म्हणजे गोंदच नसतो, तो द्रावक असतो. दोन्ही कडा तो किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि तिथे सलग प्लॅस्टिक तयार होतं. वेल्डिंगच म्हणा. पातळ गोंद असेल तर आधी दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. गोंद आपोआप फटीतून पळत जातो, बघायला मजा येते. फक्त त्या फटीवर आपलं बोट नको, नाहीतर गोंद बोटाखाली शिरतो आणि विमानाच्या पंखावर तुमचा अंगठा कायमचा उमटतो. माझ्या पहिल्या स्पिटफायरवर असा एक आहे. पोलिसांना उपयोगी पडेल इतका स्पष्ट.

हाच गोंद रेझिन (काही मॉडेल ज्यात ओतून करतात ते कडक द्रव्य), धातू किंवा लाकडावर काहीही करत नाही, कारण तिथे विरघळण्यासारखं काही नसतं. रेझिन आणि धातूला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा. लाकूड, पुठ्ठा, माती, वाळू यांना पांढरा फेविकॉल. धातूचा जड भाग असेल तर दोन ट्यूबांचा अरल्डाइट, आणि सांध्यात आधाराला तारेचा तुकडा. अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेट करणारे क्लोरोफॉर्मनं पत्रे जोडतात, ते बघून काही जण तेच आणायला निघतात. बंद खोलीत त्याची वाफ घेण्याइतकं कुठलंच मॉडेल महत्त्वाचं नाही.

एक गोष्ट मात्र सोलापूरकरांनी खास लक्षात ठेवावी. सायनोअ‍ॅक्रिलेट आणि सूत यांचं जमत नाही. सुती कापडावर तो सांडला की इतक्या वेगानं घट्ट होतो की जोरदार उष्णता बाहेर पडते, धूरही निघतो. मला हे वाचून माहीत नव्हतं. हिवाळ्याची रात्र होती, मी मांडीवर चादर घेऊन बसलो होतो. ट्यूबचं तोंड चिकटलं होतं म्हणून दाबली, तर ती भसकन फुटली आणि पाच-सहा थेंब चादरीवर पडले. आधी वाटलं, गेली चादर. मग मांडीला निखारा लागल्यासारखं झालं. चादर झटकायला गेलो तर ती पायजम्याला आणि पायजमा मला चिकटलेला. दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड आला. त्याचा डाग अजून आहे, आणि चादरीवरच्या मोराला तिथे एक टणक पारदर्शक डोळा फुटलाय. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून तो गोंद काढला की मांडीवर, टेबलावर, हाताशी कुठेही सुती काही ठेवत नाही. सांडलेला पुसायलाही टॉवेल घेत नाही. आपल्या घरात हाताला पहिला टॉवेलच लागतो, म्हणून एवढं लांबण लावलं.

बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू गोल फिरवत सोडवा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असेल तर तोही चालतो, पण तो मॉडेलवर सांडू नका, प्लॅस्टिक वितळतं.

सांध्यात फट राहिली तर?

मोठी असेल तर एम-सील. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, भरा, ओल्या बोटानं सपाट करा, दुसऱ्या दिवशी घासा. बारीक फटीला स्प्रूचे तुकडे प्लॅस्टिकच्या पातळ गोंदात टाकून रात्रभर ठेवा. काकवीसारखं दाट द्रावण होतं, ते फटीत भरायचं. फुकटची पुट्टी, आणि ती प्लॅस्टिकच असल्यामुळे मॉडेलसारखीच घासली जाते.

पॉलिश पेपर ४०० पासून सुरू करा, मग ८००, शेवटी १००० किंवा पुढचा. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा. धूळ उडत नाही, कागद लवकर भरत नाही. रेझिन तर ओलंच घासायचं, त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

प्रायमर लागतोच का? आणि स्प्रे मारला की खरखरीत का होतं?

लागतो. त्याशिवाय अ‍ॅक्रिलिक रंग प्लॅस्टिकवर धरत नाही, नख लागलं की पापुद्रा निघतो.

खरखरीत होतं ते एप्रिल-मे महिन्यात, आणि दुपारी. बाहेर बेचाळीस डिग्री, हवा कोरडी ठणठणीत. डब्यातून निघालेला थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि वर पिठासारखा बसतो. उन्हाळ्यात सकाळी सात वाजायच्या आत मारा. डबा वीतभर अंतरावर धरा, उन्हात ठेवलेला डबा तर अजिबात वापरू नका. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा, वरून नेऊन पलीकडे बाहेरच थांबवायचा. पातळ थर, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा पातळ थर. गच्चीवर मारत असाल तर शेजाऱ्यांची वाळत घातलेली साडी कुठे आहे ते आधी बघा. मास्क साधा कापडी नको, द्रावकाच्या वाफेसाठी कार्बन फिल्टरचाच लागतो.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा प्रायमर चालतो, पण त्यातलं द्रावक कडक असतं. स्प्रूच्या तुकड्यावर आधी मारून बघा.

शाळेतले पोस्टर कलर चालतील का?

नाही. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात पुन्हा सुटतो. दुसरा हात द्यायला गेलात की पहिला उठून ब्रशला लागतो. अ‍ॅक्रिलिक वाळला की पाण्याला दाद देत नाही, म्हणून तोच घ्यायचा.

स्टेशनरीत मिळणारे कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक किल्ल्याच्या मावळ्यांना, बेसला (मॉडेल ज्यावर उभं करतो तो तळ), इमारतींना अगदी व्यवस्थित. तीन इंचांच्या आकृतीवर कुणाला फरक कळत नाही. २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर मात्र कळतो. मिनिएचरच्या खास रंगात रंगद्रव्य फार बारीक दळलेलं आणि दाट असतं, त्यामुळे पाणी घातलं तरी तो झाकतो. साधा रंग पातळ केला की फिका आणि डागाळ होतो, दाट ठेवला की नाक-डोळे बुजतात. माझा सल्ला: पांढरा, पिवळा आणि लाल हे तीन खास रंगांतले घ्या, कारण झाकायला हेच सगळ्यात नाठाळ. काळा आणि तपकिरी साधे चालतात.

बाटलीतला रंग थेट बाटलीतून लावायचा नाही. दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या. एक जाड हात म्हणजे चुना मारल्यासारखं दिसतं.

रंग ब्रशवरच वाळून जातो. काय करावं?

हे पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारून उपयोग नाही, त्याची हवा वेगळी. आपल्याकडे मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत रंगाचा थेंब प्लेटवर पाच मिनिटंही टिकत नाही. यावर वेट पॅलेटसारखा उपाय नाही आणि तो घरी फुकटात होतो.

झाकणाचा चपटा डबा घ्या, मिठाईचा प्लॅस्टिकचा उत्तम. तळाला भांडी घासायचा नवा स्पंज पातळ कापून किंवा टिश्यू पेपरच्या चार-पाच घड्या ठेवा. पाणी घाला, जास्तीचं ओतून टाका. वर केकच्या भांड्याला लावतात तो बेकिंगचा बटर पेपर ठेवा. चित्रकलेतला ट्रेसिंगचा बटर पेपर नको, तो आकसून वळ्या पडतो. कागद पालथा हात फिरवून सपाट बसवा, खाली बुडबुडा राहता कामा नये. जिथे बुडबुडा तिथला रंग वाळणार. आता कागदावर रंग काढा. खालचं पाणी कागदातून हळूहळू वर झिरपत राहतं आणि रंग तासन्‌तास ओला राहतो. झाकण लावून ठेवलात तर दुसऱ्या रात्रीही तोच रंग वापरता येतो. मे महिन्यात दर अर्ध्या तासानं कडेनं चमचाभर पाणी सोडा. तीन-चार दिवसांनी स्पंजला वास यायला लागतो, तेव्हा धुऊन टाका.

पंखा टेबलावर नको. मला कळतं, मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे. पंखा पाठीवर येईल अशी खुर्ची फिरवा.

पाणी कसलंही चालतं का?

ब्रश धुवायला कसलंही. रंगात घालायला नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की वॉश दिला, म्हणजे घडीघडीत सावली बसवायला गडद रंगाचं पाणी सोडलं, तर वाळल्यावर कडेनं पांढरी रेघ उमटते. बादलीच्या तळाला बसतो तोच थर. मी कितीतरी दिवस रंगालाच दोष देत होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, एक लिटर वर्षभर जातं. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येणाऱ्या गावात ब्रशसाठी वेगळं पाणी आणलं म्हणून घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं, ती तयारी ठेवा.

ब्रश कोणता? शून्य नंबरचा की तीन शून्यांचा?

नवीन माणूस नेहमी सगळ्यात बारीक ब्रश उचलतो. तीन शून्यांच्या ब्रशचं पोट इतकं लहान, की चेहऱ्यापर्यंत पोचेतो त्यातला रंग वाळलेला असतो. एक नंबरचा गोल ब्रश घ्या, पण टोक सुईसारखं हवं. दुकानात पाण्यात बुडवून, झटकून बघा. केस एका टोकाला आले तर घ्या, फाटले तर परत ठेवा. दुकानदार बुडवू देत नसेल तर दुसरं दुकान. दुसरा ब्रश चपटा, मोठ्या भागांना.

सिंथेटिक घ्या. त्याचं टोक काही महिन्यांनी हुकासारखं वळतं. तो मग ड्रायब्रशला आणि गोंदाला वापरायचा. ‘नैसर्गिक केसांचा, खास’ असं सांगून कुणी काळसर-पांढऱ्या पट्ट्यांच्या केसांचा ब्रश पुढे केला तर घेऊ नका. ते मुंगसाचे केस असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, असे ब्रश विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा. केसांसाठी मुंगसं मारली जातात. एवढं कळल्यावर तो ब्रश हातात धरवत नाही.

निगा एकाच वाक्याची: रंग पत्र्याच्या टोपीत शिरू देऊ नका. ब्रशचं फक्त अर्धं तोंड बुडवा. काम झालं की साबणानं धुवा, ओठांनी नाही, बोटांनी टोक करा आणि आडवा ठेवून वाळवा. पाण्याच्या ग्लासात तोंड खाली करून उभा ठेवलेला ब्रश दुसऱ्या दिवशी केरसुणी होतो.

चेहरा जमत नाही. डोळे तर बटाट्यासारखे येतात.

क्रम बदला. बहुतेक जण आधी चेहरा सुंदर रंगवतात आणि शेवटी भीतभीत डोळे काढायला जातात. डोळे आधी. खोबणीत गडद तपकिरी भरा. त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ ओढा, कडेनं तपकिरी थोडी उरू द्या. पांढरा शुभ्र नको, त्यानंच बटाटा होतो. मग काळ्याची उभी रेघ, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत. मधोमध ठिपका दिला की माणूस घाबरलेला दिसतो. दोन्ही डोळे समोर बघायला लावणं अवघड, म्हणून किंचित एका बाजूला बघू द्या. आता कातडीच्या रंगानं वरून-खालून डोळा ‘कापून’ आकार द्या. चुकलेलं सगळं या शेवटच्या हातात झाकलं जातं.

दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून, कोपरं टेबलावर ठेवून बसा. मॉडेल रिकाम्या औषधाच्या बाटलीच्या झाकणावर ब्लू टॅकसारख्या चिकट पुट्टीनं बसवा, म्हणजे रंगाला बोट लागत नाही. दिवा पांढऱ्या उजेडाचा, ५००० ते ६५०० केल्विनचा. पिवळ्या बल्बखाली रंगवलेला मावळा सकाळी काविळ उतरल्यासारखा दिसतो.

बाजारातल्या प्लॅस्टरच्या मावळ्यांना पुन्हा रंगवायचं तर आधी पाण्यात मिसळलेल्या फेविकॉलचा एक हात द्या. प्लॅस्टर रंगातलं पाणी ओढून घेतं, त्याची तहान आधी भागवायची.

एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेन) घ्यावा का?

दहा मॉडेल हातानं झाल्यावर. घेतलाच तर एकाच बटणानं हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारा ‘ड्युअल अ‍ॅक्शन’चा, वर वाटी असलेला, ०.३ मिलिमीटर नोझलचा घ्या. कॉम्प्रेसर टाकीवाला, नाहीतर हवा धडधडत येते. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय पुरे. वेळ रंगवण्यात कमी आणि धुण्यात जास्त जातो, हे विकणारा सांगत नाही.

बेसवर माती, गवत, झाडं कशी करायची?

इथे मात्र सोलापूरकर नशीबवान. बाहेरचे लोक पाकिटं मागवतात, आपण खाली वाकून उचलतो.

काळ्या मातीबद्दल आधी सावध करतो. ती ओली लावून वाळवली की भेगा पडतात, कारण तिच्यातली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. शेतात पडतात त्याच भेगा, फक्त बारीक. साधी जमीन हवी असेल तर चाळलेला मुरूम किंवा वाळू फेविकॉलवर भुरभुरा. पण उन्हाळ्यातलं आटलेलं तळं किंवा दुष्काळी रान करायचं असेल, तर काळ्या मातीचा पातळ चिखल ट्रेमध्ये पसरून उन्हात ठेवा. संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःच इतक्या खऱ्या भेगा पाडलेल्या असतात की माणसाच्या हातानं त्या कोरता येणार नाहीत. थर जितका पातळ तितक्या भेगा बारीक. मग वरून पातळ फेविकॉल ड्रॉपरनं सोडून पक्की करा.

टर्किश टॉवेलचा तुकडा फेविकॉलच्या पाण्यात भिजवून छपरावर बसवा, धागे एका दिशेला विंचरा, वाळल्यावर मातकट रंग देऊन पिवळसर ड्रायब्रश करा. गवताचं शाकारलेलं छप्पर तयार. जहाजाचे दोर, तोफेच्या गाड्याचे दोरखंड यांना कारखान्यातला सुताचा टाकाऊ गुंता. सुतावर मेण फिरवलं की तंतू बसतात. नाहीतर स्केलमध्ये तो दोर केसाळ अजगर दिसतो.

आणि ज्वारीचं चिपाड. ज्यांचं लहानपण मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडे गेलं त्यांनी चिपाडाच्या बैलगाड्या केल्याच असतील. वरची साल काढली की आतला भेंड थर्माकोलसारखा हलका आणि सुरीनं लोण्यासारखा कापला जातो. सालीच्या चिरट्या खिळ्यासारख्या वापरायच्या. माझ्या आजोबांनी करून दिलेल्या गाडीची चाकं फिरायची, आणि त्याला ना गोंद लागला ना किट. दगडी बांध, विटा, ओंडके यांना मी अजून भेंडच वापरतो. कीड लागते म्हणून आधी उन्हात कडकडीत वाळवतो आणि रंगानंतर वार्निश मारतो.

किल्ल्यावर खरी हिरवळ हवी तर हळीव किंवा मोहरी पेरा, हे आईला विचारा, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

शाळेच्या प्रोजेक्टला थर्माकोल वापरू का?

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्येच बंदी आली. शिवाय स्प्रे पेंट किंवा द्रावकाचा गोंद लागला की तो डोळ्यांदेखत वितळून खड्डा पडतो. तीन किंवा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड घ्या. नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी, आणि एकाच दाबात नाही तर तीन हलक्या हातांत कापा. प्लॅस्टिकची पट्टी वापरलीत तर ब्लेड तिच्यावर चढून बोटावर येतं.

रंग बिघडला. सगळा काढता येतो का?

अ‍ॅक्रिलिक असेल तर येतो. मॉडेल डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा, घासून काढा. पण डेटॉलमधून काढल्यावर लगेच पाण्याखाली धरू नका, सुटलेला रंग पाणी लागताच चिकट राळ होतो. आधी दुसऱ्या वाटीत स्वच्छ डेटॉल घेऊन जुन्या टूथब्रशनं घासा, रंग पूर्ण गेला की मग साबण आणि पाणी. हातमोजे घाला. घरभर दवाखान्याचा वास येतो, पाहुणे यायच्या दिवशी करू नका. रेझिनचं मॉडेल असेल तर आधी कोपऱ्यावर करून बघा.

पावसाळ्यात वार्निश पांढरं का पडतं?

हवेतली ओल थरात अडकते. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस मनावर घेतो, त्या दिवसांत स्प्रे वार्निश मारूच नका. ब्रशनं लावायचं मॅट वार्निश चालतं, बाटली मात्र खळखळून हलवा. पांढरं पडलंच असेल तर कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा एक पातळ हात द्या, बऱ्याचदा निवळतं.

मुलाला कितव्या वर्षापासून देऊ?

रंगवायला सहा-सात. दाबून बसणारं, बिनगोंदाचं किट आठ-नऊ. ब्लेड बाराच्या आत नाही, आणि त्यानंतरही तुम्ही शेजारी बसून.

झालेली मॉडेल धूळ खातात. पुसायची कशी?

पुसायची नाहीत. धुळीत बारीक खडे असतात, कापड फिरवलं की वार्निशवर ओरखडे येतात आणि तोफेची नळी टॉवेलच्या धाग्यात अडकून मोडते. गालाच्या लालीचा दुसरा एक नवा ब्रश फक्त यासाठी ठेवा. वरून खाली झटका, अडचणीच्या जागी कॅमेऱ्याच्या लेन्सला वारा मारायचा रबरी फुगा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. काचेचं कपाट परवडत नसेल तर मिठाईचे पारदर्शक डबे उलटे घाला. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याची आणि वर्षभर मागावरच्या सुताची धूळ, त्यामुळे माझी सगळी सेना पेढ्यांच्या डब्यांखाली उभी आहे.